मुलांची एटीव्ही विकताय? बिल फाडण्याआधी विचारा, 'चालवणार कोण?'

मागच्या व्हिडिओत 'वेगळा माल, वेगळा धंदा' हा विषय घेतला होता. त्यानंतर हुडकेश्वरच्या बॅचमधल्या एका तरुणानं मला थांबवलं. म्हणाला, "सर, हुडकेश्वर रोडवर गाळा बघितला आहे. लहान मुलांच्या एटीव्ही, बॅटरीच्या जीप आणि ई-स्कूटर ठेवतो. सप्लायर म्हणतो, लायसन लागत नाही, वयाची अट नाही, डोळे मिटून विका."

कल्पना चांगली आहे. उमरेड रोडकडे फार्महाउस, रिसॉर्ट आहेत, नवीन ले-आउटमध्ये राहायला आलेली कुटुंबं आहेत, मुलांवर खर्च करणारे पालक आहेत. पण सप्लायरचं ते एक वाक्य धंदा बुडवू शकतं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आजचा धडा इथे लिहून देतो. वही घेऊन बसा.

पहिली गोष्ट: दिसायला एक माल, कायद्यानं तीन

१) बॅटरीची खेळण्यातली जीप. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्क नसलेला माल स्वस्त मिळाला तरी दुकानात घेऊ नका.

२) कमी वेगाची ई-स्कूटर. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन जास्तीत जास्त ६० किलो, आणि हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून प्रमाणित केलेलं असेल, तरच ती कायद्यानं 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणजे 'लायसन लागत नाही' हे वाक्य फक्त एवढ्याच मालाला लागू आहे. गिऱ्हाइकाच्या आग्रहासाठी तुम्ही वेगाचं कुलूप काढून दिलं की ती सूट तिथेच संपली. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशाच बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली होती. नियम मोडून गाडीत फेरफार करणाऱ्या किंवा तशी गाडी विकणाऱ्या डीलरला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक गाडीमागे, हे लक्षात ठेवा.

३) पेट्रोलची एटीव्ही. खरी गडबड इथे होते.

'५० सीसीच्या आत आहे, १६ वर्षांच्या पोराला चालते' हे चूक आहे

हे वाक्य तुम्हाला बाजारात हमखास ऐकायला मिळेल. कायदा काय म्हणतो ते बघा. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची *मोटरसायकल* चालवण्याची सवलत आहे, आणि कायद्यात मोटरसायकल म्हणजे दुचाकी. एटीव्हीला चाकं चार. दुसरी एक सूट २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला आहे, पण तीही चारपेक्षा कमी चाकं असतील तरच. म्हणजे चार चाकांच्या एटीव्हीला यातली एकही सवलत मिळत नाही. ती रस्त्यावर आणायची तर नोंदणी, विमा, लायसन आणि चालवणाऱ्याचं वय १८ पूर्ण, हे सगळं आलं. मुलांसाठी म्हणून विकली जाणारी एटीव्ही मुळात नोंदणीसाठी बनवलेलीच नसते. ती खाजगी, बंदिस्त जागेसाठीच आहे.

मग पालक म्हणतात, "आम्ही मेन रोडवर नाही नेत जी, इथेच ले-आउटमध्ये फिरवतो." त्यांना समजावून सांगा. कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. ले-आउटचा रस्ता कच्चा असो, डांबर पडायचं बाकी असो, लोक ये-जा करतात तो रस्ताच. स्वतःच्या कुंपणातलं शेत किंवा फार्महाउसचं आवार वेगळं.

अल्पवयीन मुलानं रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-अ लागतं. पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी असेल तर ती १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही. तुमच्या 'काही होत नाही' या शब्दावर विसंबून एखाद्या बापानं गाडी नेली आणि पोराचं लायसन २५ पर्यंत अडकलं, तर तो तुमच्या दुकानाबद्दल काय सांगत फिरेल?

वय आणि गाडीचा आकार

बंदिस्त जागेत चालवायची म्हणजे कोणतीही गाडी कोणत्याही मुलाला द्यायची, असं नाही. अमेरिकेत हा धंदा जुना आहे. तिथल्या मानकात मुलांच्या एटीव्हीचे ६, १०, १२ आणि १४ वर्षांपासून पुढे असे गट आहेत. पूर्ण आकाराची गाडी १६ नंतरच. सहा वर्षांच्या गटातल्या गाडीचा वेग सुरुवातीला ताशी १६ किलोमीटरवर बांधलेला असतो, बंधन काढलं तरी २४ च्या आसपास. या वयाचा इशारा देणारं लेबल गाडीवर चिकटवलेलं असतं.

हे गट का? एटीव्ही नुसत्या हँडलनं वळत नाही. वळताना, चढावर, उतारावर अंगाचा भार इकडेतिकडे टाकावा लागतो. मोठी गाडी शेकडो किलोची असते. दहा वर्षांच्या पोराच्या अंगात तिला सावरण्याइतकं वजन नसतं आणि हातही ब्रेकपर्यंत नीट पोचत नाही. गाडी उलटली तर ती अंगावरच येते. म्हणून "दोन वर्षं जास्त चालेल, मोठीच घेऊन टाकू" हा शाळेच्या युनिफॉर्मचा हिशेब इथे लावायचा नाही.

डीलर कुठे चुकतात?

अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं कंपन्यांना सुरक्षेचा आराखडा बंधनकारक झाला. डीलरनं मोठी गाडी मुलांच्या वापरासाठी विकू नये, हाही त्याचाच भाग. २०१० मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं गुपचूप ग्राहक बनून चार राज्यांतले निवडक १० डीलर तपासले. त्यातले ७ जण मुलासाठी मोठी गाडी विकायला तयार झाले.

नियम होता, लेबल होतं, तरी दहातले सात घसरले. समोर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असतं तेव्हा 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून नियम पाठ करून भागत नाही. काउंटरवर पद्धत लागते.

तुमची जबाबदारी बिलावर संपत नाही

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विक्रेत्याचीही उत्पादन-जबाबदारी आहे. तुम्ही मालात फेरफार केला, कंपनीपेक्षा वेगळी हमी स्वतःच्या तोंडानं दिली, जोडणी-तपासणीत हलगर्जी केली, कंपनीचा धोक्याचा इशारा गिऱ्हाइकापर्यंत पोचवला नाही, किंवा माल बनवणारा कोण हेच सापडत नसेल, तर नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. बिननावाच्या खोक्यात आलेली, पत्ता नसलेली गाडी विकताना हा शेवटचा मुद्दा आठवा. कंपनी सापडत नाही म्हटल्यावर सापडणारा माणूस कोण? गाळ्यात बसलेले तुम्ही!

काउंटरवरची सहा पावलं

१) किंमत सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा: चालवणार कोण? त्याचं वय किती? चालवणार कुठे?

२) मुलाला दुकानात बोलवा. बंद गाडीवर बसवून बघा. पाय पायदानावर टेकतात का, पूर्ण वळवलं तरी हँडल हातात राहतं का, ब्रेक दाबता येतो का.

३) बिल पालकाच्याच नावानं करा. अल्पवयीन मुलाशी केलेला करार कायद्यानं टिकत नाही.

४) एक पानाचं मराठी घोषणापत्र ठेवा: चालवणाऱ्याचं वय, गाडीचा वयोगट, 'सार्वजनिक रस्त्यावर नेणार नाही', 'मोठ्या माणसाच्या देखरेखीतच', 'मागे कोणाला बसवणार नाही'. वाचून दाखवा, मग सही घ्या. मात्र सही घेतली म्हणजे मोठी गाडी लहान मुलाला द्यायला मोकळे, असा अर्थ काढू नका.

५) हेल्मेट, हातमोजे आणि इंजिन बंद करायची दोरी कशी लावायची हे प्रत्यक्ष दाखवा. वेगाचं बंधन लावूनच गाडी द्या.

६) गाडीवरचं लेबल काढू नका. माहितीपुस्तिका दिली, अशी बिलावर नोंद करा.

गिऱ्हाईक अडून बसलं तर?

"भाऊ, दुसऱ्या दुकानात मिळते ना!" हे ऐकावं लागणारच. शांतपणे म्हणा, "मिळत असेल साहेब. पण तुमच्या मुलाला ही बसत नाही, म्हणून मी देत नाही. ही लहान गाडी बघा. दोन वर्षांनी मुलगा मोठा झाला की परत आणा, मी एक्स्चेंजमध्ये घेतो."

इथेच धंदा आहे, बघा. मुलं दर काही वर्षांनी मोठी होतात. योग्य मापाची गाडी देणाऱ्याकडे तोच पालक पुढच्या मापासाठी परत येतो, हेल्मेट घेतो, सर्व्हिसिंग करतो. वापरलेल्या गाडीचं दुसरं गिऱ्हाईक तुम्हाला मिळतं. मोठी गाडी विकलीत तर कमाई एकदाच. आणि जर काही झालं, तर हुडकेश्वरसारख्या वस्तीत बातमी संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचते. तिथे गेलेलं नाव डिस्काउंट देऊन परत येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: सप्लायरला तीन गोष्टी लेखी मागा: गाडीचा वयोगट, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि लागू असेल तिथे चाचणीचं प्रमाणपत्र. मग स्वतःचं एक पानाचं घोषणापत्र लिहा. सप्लायर लेखी द्यायला टाळाटाळ करत असेल तर गाळ्याचा अ‍ॅडव्हान्स देण्याआधीच तुम्हाला उत्तर मिळालं, असं समजा.

पुढच्या धड्यात वापरलेल्या मालाची एक्स्चेंज किंमत कशी ठरवायची ते बघू. तोवर, धंदा करा आणि नीट करा!