भित्र्या, म्हाताऱ्या मांजराला घरी आणताना: पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

शेल्टरमध्ये मांजर बघायला आलेली माणसं बहुतेक वेळा पिल्लांपाशीच थांबतात. मागच्या एखाद्या पिंजऱ्यात दहा-बारा वर्षांची भाटी लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या, ट्रेमध्येच अंग चोरून, भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. ती घाणेरडी आहे असं वाटून लोक पुढे जातात. खरं तर लपायला दुसरी जागा नसली की घाबरलेलं मांजर ट्रेमध्येच जाऊन बसतं. अशी मांजरं पुष्कळदा घरात वाढलेली असतात. मालक वारले, मुलं परदेशात, घर विकलं, आणि मांजर शेल्टरला आलं. त्याला पुन्हा घर मिळायलाच हवं, आणि ते टिकायला हवं. त्यासाठी हिशेब आधी मांडलेला बरा.

पुढचे आकडे मुंबई-पुण्याच्या खासगी दवाखान्यांतले आणि दुकानांतले, ढोबळ आहेत. लहान शहरांत डॉक्टरची फी कमी पडते, खाणं आणि लिटर मात्र तेवढंच महाग.

दत्तक घेण्याचे पैसे बहुतेक संस्था घेत नाहीत, किंवा नसबंदी-लशीच्या खर्चापोटी थोडी देणगी मागतात. ती आनंदाने द्यावी. ओळखपत्र, फॉर्म, घर पाहायला येणं हे सगळं होईल, त्याचा राग मानू नये. मांजर प्रत्यक्ष दाखवण्याआधीच ‘गाडीभाडं’ म्हणून ऑनलाइन पैसे मागणाऱ्याला मात्र एक रुपयाही पाठवू नका.

शेल्टरमध्ये तीन प्रश्न विचाराच. मांजर घरातून आलंय की रस्त्यावरच वाढलंय? घरातलं असेल तर भीती हळूहळू ओसरते. उभं आयुष्य माणसापासून लांब राहिलेलं मांजर मांडीवर येईलच असं नाही, आणि तशी अट घालून त्याला आणणं त्याच्यावर अन्याय आहे. दुसरा प्रश्न, गेल्या काही महिन्यांत वजन किती होतं? वजन सतत उतरत असेल तर आत काहीतरी बिघडलेलं असतं. तिसरा, ते सध्या नेमकं काय खातं? त्याच ब्रँडचं, त्याच चवीचं खाणं घरी आधीच आणून ठेवा.

पहिला मोठा खर्च डॉक्टरांचा

मांजराने दहा वर्षं ओलांडली की डॉक्टर त्याला ज्येष्ठ मानतात. या वयात मूत्रपिंडाचा जुनाट आजार, थायरॉइड वाढणं, दात-हिरड्यांचे आजार आणि सांधेदुखी या चार गोष्टी वारंवार सापडतात. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे ‘स्वभावच भित्रा आहे’ असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, त्याची दाढ किंवा कंबर दुखत असण्याची शक्यता असते. म्हणून माझा आग्रह आहे की खेळणी, झाडाच्या आकाराचे टॉवर, मऊ गाद्या यांवर पैसे घालण्याआधी तपासणी करून घ्या.

तपासणी फी 500 ते 800 रुपये. रक्ताच्या चाचण्या, म्हणजे सीबीसी, किडनी आणि लिव्हर, 1,500 ते 2,500. थायरॉइडची टी-4 चाचणी 800 ते 1,200. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या विषाणूंची किट चाचणी 1,200 ते 2,000. घरात दुसरं मांजर असेल तर ही टाळू नका. लशी राहिल्या असतील तर रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांची एकत्रित लस) मिळून 1,200 ते 1,800. सगळं धरून 5,000 ते 8,500 रुपये. शेल्टरने यातलं काही अलीकडेच केलं असेल तर रिपोर्टची प्रत मागून घ्या, तेवढे पैसे वाचतात. खासगी दर झेपत नसतील तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे रांग लागते, गोंगाट असतो. भित्र्या मांजराला न्यायचं तर सकाळी लवकर जा आणि कॅरियरवर जाड चादर टाका.

दवाखान्याच्या नुसत्या वाटेनेच मांजर कावरंबावरं होत असेल तर डॉक्टर आदल्या रात्री आणि निघण्याआधी द्यायला गॅबापेंटिन लिहून देतात. औषध स्वस्त आहे, पण मात्रा वजनावर आणि किडनीवर ठरते. ती त्यांनीच ठरवावी. घरी येणारे डॉक्टर 800 ते 1,500 रुपये घेतात. अशा मांजरासाठी तो खर्च मला रास्त वाटतो.

दातांची सफाई भूल देऊन होते, 5,000 पासून 15,000 पर्यंत, किती दात काढावे लागतात त्यावर. ती लगेच करायची गरज नसते, पण तिची तरतूद पहिल्या वर्षातच धरा.

घर तयार करणं स्वस्तात होतं

मांजराला सबंध फ्लॅट एकदम दाखवायचा नाही. एक खोली द्या. वन बीएचकेमध्ये बेडरूमचा दार लागणारा भाग पुरतो. बॉक्स पलंगाच्या फटी, वॉशिंग मशीनची मागची जागा, माळ्याचं तोंड आधीच बंद करा, नाहीतर मांजर तिथे शिरतं आणि ओढून काढताना झालेली ओळख पुन्हा मोडते. लपायला किराणा दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं उत्तम. हॉलंडमधल्या एका शेल्टरमध्ये झालेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. लपायला खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांत खोकं नसलेल्यांपेक्षा कमी तणावात होती. खोक्याला दोन तोंडं ठेवा, आत जुनी सुती साडी घाला.

वर उघडणारा घट्ट प्लास्टिकचा कॅरियर 1,500 ते 2,500 रुपयांना येतो. इथे कंजुषी नको. भेदरलेलं मांजर कापडी पिशवीची चेन फाडून स्टेशनवर पळालं तर सापडत नाही. लिटरसाठी महागडा झाकणाचा डबा घेऊ नका, सांधे दुखणाऱ्या मांजराला त्याचा उंबरठा ओलांडवत नाही. भांड्यांच्या दुकानातला उथळ, पसरट प्लास्टिकचा ट्रे दोन-तीनशेत मिळतो. खिडक्या आणि बाल्कनीला जाळी लागतेच, दुसऱ्या मजल्यावरही. 3,000 ते 6,000 रुपये. नखांसाठी टेबलाच्या पायाला गोणपाट घट्ट गुंडाळा. भिंतीला लावायच्या फेरोमोन डिफ्यूझरबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परवडला तर लावा, नाही लावला तरी काही अडत नाही.

सुरुवातीचा सगळा खर्च असा 10,000 ते 18,000 रुपयांत बसतो.

एक फुकटची गोष्ट: फिनाइलने फरशी पुसणं थांबवा. त्यात फिनॉल असेल तर मांजराचं शरीर ते नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि पायाला लागलेलं मांजर चाटतं. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते. लिलीची फुलं घरात आणू नका.

दर महिन्याचं

चार किलोच्या मांजराला नुसतं कोरडं खाणं दिलं तर दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतं. म्हाताऱ्या मांजराच्या पोटात पाणी जास्त जावं म्हणून रोज एक ओला पाउच द्यावा, मग कोरडं कमी होतं. दोन्ही मिळून महिन्याला 1,700 ते 2,200 रुपये. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर ठेवू नका, त्यातून कॅल्शियम आणि पुरेसं टॉरिन मिळत नाही. लिटर 500 ते 800. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि रक्त धरलं तर वर्षाचा खर्च 30,000 ते 43,000 च्या घरात जातो. किडनीचा आजार निघाला तर खास आहार, औषधं आणि कातडीखाली द्यायचं सलाइन यांचे महिन्याला आणखी 3,000 ते 5,000. सलाइन घरी द्यायला डॉक्टर शिकवतात, दर वेळची फी वाचते. या वयात विमा बहुधा मिळत नाही, तेव्हा 20,000 ते 25,000 रुपये बँकेत वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

आणायची वेळही विचारात घ्या. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा इमारतीखाली ढोल-ताशाचा सराव चालू असताना आणू नका. पहिले काही दिवस मांजर खोक्यातून बाहेर येणार नाही. तुम्ही जमिनीवर बसा, पेपर वाचा, त्याच्याकडे टक लावू नका. नजर मिळाली तर डोळे सावकाश मिटा. मांजर याला प्रतिसाद देतं, हे ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात दिसलं आहे. रात्री सगळे निजले की बशीचा कडकड आवाज येईल, सकाळी ट्रेमध्ये गोळे दिसतील. तेवढं पुरे. बशी 24 तास तशीच राहिली तर मात्र डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानेही मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, आणि तो उपचार बराच महाग पडतो.

मन अजून पक्कं नसेल तर शेल्टरला आधी दोन महिने फॉस्टर म्हणून मागा. बऱ्याच संस्था तयार होतात, आणि त्या काळातलं औषधपाणी कोण करणार ते लिहून घेता येतं. मांजर परत घेण्याची अटही त्याच कागदावर असू द्या. नाहीच जमलं तर ‘खाली पार्किंगमध्ये जगेल’ म्हणून सोडू नका. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि बारा वर्षांचं घरचं मांजर पार्किंगमध्ये जगत नाही.

सोसायटी आड आली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक सूचना दाखवा. ती कुत्र्यांबद्दल आहे, पण सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि तोच मुद्दा मांजरासाठी मांडता येतो. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची परवानगी करारात लिहून घ्या, आणि ती मांजर आणण्याआधी घ्या.