नाव मागायचं ते पावसाळ्यानंतर

रंगाऱ्याचं काम पाहुण्याला दारातच दिसतं. सुताराचं काम कपाट उघडलं की कळतं. आम्हा वॉटरप्रूफिंगवाल्यांचं काम चांगलं झालं, तर दिसण्यासारखं काही उरतच नाही. छत कोरडं राहतं, आणि कोरड्या छताकडे मान वर करून कोण बघतंय? ‘आपण काम चोख करावं, कामच बोलतं’ असं वडीलधारे सांगत आले, पण आमच्या धंद्यात ते लागू पडत नाही. बोलतं ते गळणारं छत. म्हणून जुन्या ग्राहकाकडे जाऊन ‘तुमच्या ओळखीत कोणाला गरज आहे का’ असं तोंडानं विचारावंच लागतं. त्यात कमीपणा काही नाही. अडचण असते ती कधी, कोणाला आणि कसं विचारायचं याची.

‘कधी’ हे मला डोंबिवलीतल्या एका सोसायटीत कळलं. जुनी चार मजली बिल्डिंग. गच्ची गळते म्हणून आधी कोणीतरी जुन्या कोब्यावरच दुसरा कोबा चढवून गेला होता. (हा प्रकार सर्रास चालतो. चार इंच जाडीचा ब्रिकबॅट कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास बोजा, तो बिचाऱ्या स्लॅबनं निमूट सोसायचा.) आम्ही दोन्ही थर फोडून काढले, उतार नव्यानं दिला, कठड्याच्या कडेनं वाटे गोल करून घेतले, कोटिंग मारलं. शेवटी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवलं. खाली थेंब नाही. मे महिना संपत आलेला, सेक्रेटरी भलतेच खूश. चेकवर सही करता करताच त्यांनी बदलापूरला साडूंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. त्याआधी साडूंना म्हणाले, “डोळे मिटून काम द्या यांना.” साडूंचं रो-हाउस. काम दिवाळीनंतर करायचं ठरलं, पण दर वाढायच्या आत म्हणून त्यांनी ॲडव्हान्सही पाठवला.

जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी टीव्हीची डिश बसवून घेतली. बसवणाऱ्यानं मशीन लावून नव्या कोटिंगमधून थेट कोब्यात चार बोल्ट ठोकले. जुलैची झड लागली आणि चौथ्या मजल्यावर बेडरूमच्या छताला पिवळा डाग उमटला. सेक्रेटरींचा फोन मला यायच्या आत बातमी त्यांच्या मेव्हणीकडे पोचली होती. मी गच्चीवर गेलो, तर डिशच्या प्लेटभोवती गंजकं पाणी साचलेलं. पाऊस उघडल्यावर बोल्ट काढले, भोकं भरली, फोटो दाखवले. गळती थांबली. सेक्रेटरींना पटलंही. पण साडूंनी ॲडव्हान्स परत मागितला, मी तो दिला, आणि पुढे गणपतीत सगळे जमले तेव्हा साडूंनी चारचौघांत “बरं झालं, मी डोळे उघडे ठेवले” असा टोमणा मारला. हे मला सेक्रेटरींनीच सांगितलं. त्यांची गच्ची आजही कोरडी आहे. त्यांनी त्यानंतर मला एकही नाव दिलेलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही.

दोष डिशवाल्याचा होता, हे खरंच. पण सासुरवाडीत पत गेली ती सेक्रेटरींची. नाव देणारा माणूस आपल्याला नुसता फोन नंबर देत नसतो, स्वतःचा शब्द खर्ची घालत असतो. तो शब्द त्यानं कामाची परीक्षा व्हायच्या आधी खर्ची घालावा, असं आपण होऊ देऊ नये. मे महिन्यातला ग्राहक समाधानी नसतो, सुटलेला असतो. ब्रेकरचा आवाज थांबला, जिन्यातली सिमेंटची धूळ गेली, मजुरांनी पाणी कुठून घ्यायचं यावरची भांडणं मिटली, याचा तो आनंद. समाधान त्यानंतर यायचं असतं. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो, पण पहिल्या सरींनी काही सिद्ध होत नाही. कोबा पूर्ण भिजून स्लॅबवर दिवसेंदिवस पाणी बसतं तेव्हा खरी परीक्षा, म्हणजे जुलै-ऑगस्ट. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर आमच्या भागात ‘सव्वीस जुलैला आमच्याकडे थेंब आला नाही’ एवढं वाक्य कोणाही कंत्राटदाराच्या दहा वर्षांच्या गॅरंटी लेटरपेक्षा वजनदार ठरत होतं.

म्हणून मी तरुण कंत्राटदारांना सांगतो, बऱ्याच सोसायट्या बिलातले पाच टक्के पावसाळा संपेपर्यंत रोखून ठेवतात, त्यावरून कुरकुर करू नका. नाव मागायला त्या पाच टक्क्यांचा चेक मिळतो त्या दिवसासारखा मुहूर्त नाही. त्या दिवशी फोनवर भागवू नका, स्वतः जा. कमिटीतल्या कोणाला घेऊन गच्चीवर एक फेरी मारा, पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पाला काढा, वाट्याला कुठे केसाएवढी चीर दिसली तर तिथल्या तिथे भरून द्या. मग विचारा. आणि हो, गॅरंटी लेटरमध्ये ‘गच्चीवर आम्हाला न विचारता ड्रिल मारू नये’ ही ओळ ठळक टाइपात घाला. सोलर हीटरवाले आणि डिशवाले कधी वर जातात, कोणाला पत्ता नसतो.

आता कोणाला विचारायचं. आपण सवयीनं सेक्रेटरी नाहीतर चेअरमनला विचारतो, कारण चेक त्यांच्या सहीचा. पण ते शक्यतो बोलायचं टाळतात. त्यांनी कंत्राटदाराची शिफारस केली की सर्वसाधारण सभेत एक तरी सभासद उठून ‘यात तुमचे किती?’ असं विचारतोच. त्यापेक्षा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारं घर गाठा. पावसाळ्यात ज्यांनी पलंग भिंतीपासून ओढून मध्ये घेतला, गादीवर प्लास्टिक घातलं आणि रात्री बादली ओतायला उठले, ते. कल्याणच्या एका काकूंनी मला जेवढी कामं दिली, तेवढी कुठल्या चेअरमननं दिली नाहीत. त्यांना कोब्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या फोनवर एवढंच सांगतात, “अहो, यंदा बादलीच काढली नाही.” ऐकणाऱ्याच्या घरी बादली लावलेलीच असते, त्याला आणखी काही पटवावं लागत नाही.

विचारण्याची रीतही बदलायला हवी. ‘चार लोकांना सांगा साहेब, लक्ष असू द्या’ हे आपलं ठरलेलं वाक्य. समोरचा ‘हो हो, नक्की’ म्हणतो आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत विसरतो. त्याच्या डोळ्यांपुढे कोणी येतच नाही. नेमकं विचारा: “काकू, तुमच्या नात्यात टॉप फ्लोअरला कोण राहतं?” किंवा “तुमच्या ऑफिसात कोणाच्या बाथरूमची ओल खालच्या फ्लॅटमध्ये उतरलीय का?” मग लगेच आठवतं. अशा भांडणांच्या गोष्टी तर लोक तासभर सांगतात. नाव निघालं की नंबर खिशात घालायची घाई नको. “आधी तुम्ही त्यांना विचारा, ते हो म्हणाले तर माझा नंबर त्यांना द्या.” असं केल्यानं निम्मे फोन येत नाहीत, पण जे येतात ते गरजू माणसांचे असतात. कोणा अनोळख्याला ‘तुमच्या भावजींनी नंबर दिला’ म्हणून सकाळी सकाळी फोन केला, तर तो आधी भावजींवर चिडतो.

कमिशनबद्दल माझं मत कडक आहे. आमच्यात काही जण नाव देणाऱ्याला पाच-दहा टक्के देतात. ते पैसे आकाशातून पडत नाहीत, नव्या ग्राहकाच्या बिलातच चढतात, आणि एक ना एक दिवस कळतात. कळले की काकू काकू राहत नाहीत, दलाल होतात. ज्या शब्दाला भाव होता, तो भाव लावल्यामुळेच जातो. विम्याच्या धंद्यात एजंटानं ग्राहकाला कमिशनमधला वाटा द्यायला विमा कायदा, १९३८च्या कलम ४१नं मनाई केलीय. वकील आणि सीए यांना तर स्वतःहून काम मागायलाच बंदी आहे. आमच्या धंद्याला असा कायदा नाही, म्हणून शहाणपणही नको असं थोडंच आहे! दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जा, काकूंच्या स्वयंपाकघरातला गळका नळ आपल्या प्लंबरकडून फुकट बदलून द्या. तिथेच थांबा.

बीएनआयसारख्या व्यावसायिकांच्या मंडळांत दर आठवड्याला बसून एकमेकांना नावं देतात. तिथे मी जाऊन आलोय, ती पद्धत वाईट नाही. पण तिथे देणाऱ्याला उद्या घ्यायचंही असतं. काकूंना माझ्याकडून काही घ्यायचं नसतं, म्हणून त्यांचं नाव वरचढ.

नावाबरोबर दरही प्रवास करतो, हे मात्र ध्यानात ठेवा. ‘आम्हाला एवढ्या फुटानं करून दिलं’ हे काकूंनी सांगितलेलंच असतं. प्रत्यक्षात त्यांची गच्ची मोकळी आणि मटेरियल लिफ्टनं चढणारं, इथे टाक्यांचं जंगल आणि डबर सात मजले जिन्यानं उतरवायचं. म्हणून ज्या ग्राहकाकडून नाव मागायचंय, त्याच्या कोटेशनमध्येच प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहून ठेवतो: फोडकाम, डबर हलवणं, कोबा, कोटिंग. मग नव्या माणसासमोर दोन्ही कागद शेजारी ठेवता येतात आणि ‘त्यांना स्वस्त, आम्हाला महाग’ ही तक्रार काकूंपर्यंत जात नाही.

काम मिळो न मिळो, नाव देणाऱ्याला उलट फोन करायचा. पाहून आलो, गच्चीचा प्रश्न नव्हता, टाकीचा पाइप फुटलाय, प्लंबर लावा म्हणून सांगितलं, एवढं कळवलं तरी पुरे. मुलुंडच्या एका गृहस्थांनी नाव दिलं, तिथे जाऊन मी ‘वॉटरप्रूफिंगची गरज नाही, बाहेरच्या भिंतीच्या चिरा भरून घ्या’ असं सांगून आलो आणि त्यांना तसं कळवलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “अहो, मग माझ्या मुलीच्या बिल्डिंगमध्ये पण जरा बघून येता का?” तिथे मात्र गच्ची पार खलास होती.