इंदुरात बसून पुण्याची नोकरी: वाचतं किती, जातं किती?

कंपनी पुण्यात किंवा मुंबईत, घर इंदुरात, आणि एचआर म्हणतंय, "घरूनच काम करा." होकार कळवण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. घरून काम करण्यात फायदा दोघांचाही आहे. फरक इतकाच की कंपनीचा फायदा आपोआप होतो, तुमचा मागून घ्यावा लागतो.

बचत कुठे होते?

आधी पेट्रोलचा हिशेब करा. नोकरी इंदुरातलीच आहे, रोज सुपर कॉरिडॉरला येऊन-जाऊन २५ किलोमीटर पडतात आणि महिन्याला कामाचे दिवस २२ आहेत असं धरू. म्हणजे ५५० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर सव्वाबारा लिटर. लिटरमागे १०७ रुपये धरले तर महिन्याला तेराशेच्या आसपास वाचतात. त्यातून घरचं इंटरनेट आणि वाढीव वीजबिल वजा केलं की हातात फारसं काही उरत नाही. अशा नोकरीत तुम्हाला खरा मिळतो तो वेळ.

पैसा वाचतो तो पुण्याची खोली सोडून इंदूरच्या घरी परतणाऱ्याचा. भाडं, मेस आणि दर सणाला गावी येण्याचं तिकीट, हे तिन्ही खर्च एकदम थांबतात. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: "जागा बदलली म्हणून पगार कमी होणार आहे का?" काही कंपन्या शहराप्रमाणे पगार ठरवतात. कपात वाचलेल्या भाड्याहून जास्त असेल तर हा सौदा तोट्याचा आहे.

वीजबिल: १५० युनिटची रेषा

लॅपटॉप ६० वॅटचा, पंखा ७५ वॅटचा. दिवसाला नऊ तास, महिन्याला २२ दिवस धरले तर दोन्ही मिळून सुमारे २७ युनिट होतात. आकडा किरकोळ वाटतो, पण मध्य प्रदेशच्या घरगुती वीज सवलतीत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तरच पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. तुमचं घर आज १३० युनिटवर असेल तर ही २७ युनिट तुम्हाला रेषेच्या पलीकडे नेतात, आणि मग अख्ख्या बिलावरची सवलत जाते. एसी लावलात तर विचारूच नका. दीड टनाचा एसी रोज पाच तास चालवला की तो एकटाच १५० युनिट ओढतो. मागची तीन बिलं काढून वापर तपासा. भाड्याच्या घरात सब-मीटर असेल तर घरमालक युनिटमागे किती लावतो ते करारात लिहून घ्या. तिथे ही सवलत तुमच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

इंटरनेट आणि को-वर्किंग: जीएसटी धरूनच भाव विचारा

ब्रॉडबँडवर १८ टक्के जीएसटी लागतो. जाहिरातीतला ५९९ चा प्लॅन हातात ७०७ रुपयांना पडतो. राउटरची अनामत, जोडणीचा आकार आणि "सहा महिने एकदम भरा"ची अट वेगळी. कनेक्शन स्वतःच्या नावावर घ्या, नाहीतर बिल कंपनीकडे चालणार नाही.

घरात जागा नाही म्हणून विजय नगर किंवा पलासियाच्या बाजूला को-वर्किंग सीट घेणार असाल, तर ५,००० सांगितले की ५,९०० समजा. पुढे हे विचारा: अनामत किती आणि परत कधी? मीटिंग रूमचे किती तास फुकट? रात्री आठनंतर एसी चालू असतो का? पार्किंगचे पैसे वेगळे का? मध्येच सोडलं तर किती दिवसांची नोटीस? आधी एका दिवसाचा पास घेऊन दुपारी तीनच्या गर्दीत व्हिडिओ कॉल करून बघा. महिन्याचे पैसे त्यानंतर भरा.

भत्ता मागू नका, बिलावर परतावा मागा

"दरमहा दोन हजार वर्क फ्रॉम होम भत्ता" ऐकायला बरा वाटतो, पण ठोक भत्ता पगारात धरला जातो आणि त्यावर कर लागतो. कामासाठीच्या फोन-इंटरनेटची बिलं देऊन मिळालेला परतावा मात्र करपात्र धरत नाहीत. लॅपटॉपचंही तसंच. विकत घ्यायला पैसे घेऊ नका, कंपनीच्या मालकीचा लॅपटॉप वापरायला घ्या. तो मिळाला त्या दिवशी चारही बाजूंनी फोटो काढून ईमेल करून ठेवा. नोकरी सोडताना ओरखड्यांचे पैसे कापले जातात. परत पाठवण्याचा कुरिअर खर्च कुणाचा, तेही आत्ताच विचारा.

सॅलरी स्लिपवर काय बघायचं?

व्यवसाय कर: महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोन्हीकडे वर्षाला कमाल २,५००. स्लिपवर तो दोन्ही राज्यांचा कापला जात नाही ना, एवढं बघा.

घरभाडे भत्ता: नव्या करप्रणालीत याची सूट नाहीच. जुन्या प्रणालीत इंदूरला मूळ पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादा आहे, मुंबईला ५० टक्क्यांची. आई-वडिलांच्या घरात राहून त्यांना भाडं देत असाल तर ते बँकेतून द्या, करार करा आणि त्यांनाही ते उत्पन्नात दाखवायला सांगा. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. खोट्या पावत्यांचा शॉर्टकट घेऊ नका.

आरोग्य विमा: इंदुरातली कोणती रुग्णालयं कॅशलेस आहेत, ती यादी मागा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी कापला जात असेल तर दवाखाना पुण्याहून इंदूरला बदलून घ्या.

"कन्सल्टंट" हा शब्द: ऑफर लेटरमध्ये तो दिसला की थांबा. पीएफ नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही, वर सहसा १० टक्के टीडीएस. असा करार करायचाच असेल तर रक्कम त्या हिशेबानं वाढवून मागा.

ऑफिसनं बोलावलं तर?

"महिन्यातून एकदा यावं लागेल" ही ओळ महाग पडते. तिकीट, मुक्काम, जेवण कुणी द्यायचं? पुण्याला थेट गाडी आहे, मुंबईला अवंतिका एक्स्प्रेस. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून तारखा दोन महिने आधी कळवण्याची अट घाला. आयत्या वेळी बोलावलं तर विमानाचं भाडं कंपनीनं द्यावं.

तुम्ही मालक असाल तर

खुर्ची, जागा, वीज वाचते. खंडवा, बऱ्हाणपूर, देवासची हुशार मुलं इंदुरात खोली न घेता तुमच्याकडे काम करू शकतात. माणसंही टिकतात. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत सोळाशेवर कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलेल्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं आणि कामगिरी घसरली नाही. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. नोकरदारांनो, साहेबांशी बोलताना तुम्हीही हे सांगा. बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर परस्पर संमतीनं घरून काम देण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली आहे. ती मागायला संकोच नको.

पण मालकांनो, घरी बसलेला माणूस मोजणीतून सुटत नाही. ईएसआयसी लागू व्हायला १०, पीएफला २० माणसं, ही संख्या त्याला धरूनच. लैंगिक छळविरोधी कायद्यात घरही कामाची जागा ठरू शकतं, म्हणून दहा माणसं झाली की अंतर्गत समिती हवीच.

फसवणूक ओळखा

घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणी फी, मग "काम चुकलं, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस". हा ठरलेला सापळा आहे. खरी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही, लॅपटॉपची अनामतही नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

सही करण्याआधी

या गोष्टी पत्रात लेखी हव्यात: कामाचं ठिकाण "इंदूर, घरून", कामाचे तास, इंटरनेटचा परतावा, लॅपटॉपची मालकी, ऑफिसभेटीचा खर्च, आणि परत बोलावायचं झाल्यास किमान ६० दिवसांची सूचना. शेवटची अट सोडू नका. पुण्याची खोली सोडल्यावर "सोमवारपासून ऑफिसला या" असा ईमेल आला, तर वर्षभराची बचत नव्या घराच्या डिपॉझिटमध्ये जाते. फोनवरचा शब्द इथे कामाचा नाही. पत्र हातात येईपर्यंत घरमालकाला नोटीस देऊ नका.