वाढत्या जबड्याचें हाड

तामलवाडीच्या शिवारांत बांधाच्या कडेला शेळीच्या अथवा बैलाच्या जबड्याचें उन्हानें पांढरें पडलेलें हाड आमच्या बालवाचकांनीं पाहिलेंच असेल. तें हातीं घेतलें म्हणजे दगडासारखें निर्जीव भासतें. आणि म्हणूनच हाड म्हणजे शरीराचा केवळ एक मुका खांब, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. वस्तुतः जिवंतपणीं हाड सतत मोडत व घडत असतें. मुलांच्या जबड्यांत ही घडामोड कशी चालते, तें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

खालचा जबडा जन्मतः दोन तुकड्यांचा असतो. हनुवटीपाशीं ते पहिल्या वर्षांत सांधले जातात. पुढें सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी, आणि सतरा ते एकवीसच्या दरम्यान अक्कलदाढ. ह्या तिन्ही दुधाच्या दातांच्या मागें उगवतात. मग त्यांना जागा कोठून मिळते? इ. स. १७३६ त जॉन बेल्चर ह्या इंग्रज वैद्याला असें आढळलें कीं, आपल्या मंजिष्ठाच्या जातीच्या एका झाडाची मुळी खाणाऱ्या जनावरांचीं हाडें लाल होतात. जॉन हंटर ह्या शस्त्रवैद्यानें हीच युक्ति डुकरांवर योजिली. कारण मुळी खात असतां जें नवें हाड चढतें तेवढेंच रंगतें. निरनिराळ्या वयांच्या जबड्यांचीही त्यानें तुलना केली. दांतांवरील त्याचा ग्रंथ १७७१ त निघाला. कानाकडे वर जाणाऱ्या जबड्याच्या उभ्या भागाच्या पाठीमागच्या कडेवर नवें हाड बसतें आणि पुढच्या कडेचें जुनें विरत जातें. पुढची भिंत पाडून मागें नवी बांधली म्हणजे ओसरी जशी लांबते, तसाच हा प्रकार होय.

आतां घट्टपणाविषयीं. लहान मुलाचें हाड सच्छिद्र असतें. म्हणून दंतवैद्यानें खालच्या हिरडीशेजारीं टोचलेलें बधिरतेचें औषध मुलाच्या हाडांतून पाझरतें. मोठ्या माणसाच्या दाढांपाशीं मात्र तें जाड हाडानें अडतें, व मागें शिरेजवळ टोचावें लागतें. हाडांत क्षार भरण्याचा वेग मुलींत बारा-तेराव्या व मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत अधिक असतो. त्या दोनएक वर्षांत प्रौढ शरीरांतील हाडांच्या क्षारांपैकीं सुमारें चतुर्थांश सांठतो!

सांठा कमी पडल्यास काय होतें, ह्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्राच्याच मातींत सांपडला आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचे तेथील शेतकरी आपलीं मृत बालकें रांजणांत घालून घराच्या जमिनीखालीं पुरीत. इनामगांव, नेवासें व दायमाबाद येथील अशा बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवर लहान खळगे आढळले; त्यांवर लुकाक्स व वाळिंबे ह्या संशोधकांनीं १९९८ त निबंध लिहिला. पोषण अपुरें पडलें म्हणजे घडत्या सुळ्यावरील हाडाचा पडदा पातळ राहतो, आणि तान्हें मूल तोंडावर आपटलें कीं आंतल्या कोंवळ्या दांतास इजा होते, अशी ह्या खळग्यांची उपपत्ति सांगतात. बदलतें हवामान आणि उपजीविका ह्यांच्याशीं त्यांनीं ह्या खळग्यांचा संबंध जोडला आहे. अवर्षणाची ओळख असलेल्या आमच्या भागास हें निराळें समजावून सांगावयास नको.

ज्वारींत चुन्याचा अंश थोडा असतो. तो दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला व राजगिरा ह्यांनीं भरून निघतो. भाकरीचा दुसरा गुण मात्र मोठा आहे, तो चावण्याचा. नुसत्या मऊ अन्नावर वाढविलेल्या जनावरांचे जबडे लहान राहतात, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. चहांत बुडविलेल्या बिस्किटांवर मुलांना वाढविणाऱ्या घरांनीं ह्याचा विचार करावा. ऊंस दांतांनीं सोलणें जबड्यास चांगलें; पण मागाहून चूळ भरावी.

पालकांना एक खूण सांगून ठेवितों. मुलाच्या दांतांच्या मध्यापासून एका बाजूस मोजीत गेल्यास दुधाचे पांच दांत होतात. सहावी ती कायमची दाढ. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून "दुधाचीच आहे, पडेल" असें म्हणून ती किडूं देतात. शिवाय पांचवी दुधाची दाढ वेळेपूर्वीं काढली, तर ही सहावी पुढें सरकते, आणि खालून येणारा दांत हाडांतच अडकून पडतो किंवा वांकडा उगवतो.