भाच्यास पत्र

लोहारा, यवतमाळ



ताईला अजून वाटतं की तू वेल्डिंग करतोस. वेल्डर हात धुऊन गेला की तुझी पाळी सुरू होते, हे तिला मी दोनदा समजावलं. वेल्ड थंड होताना आकसतो, शेजारचा जाड पत्रा त्याला आकसू देत नाही, आणि ताण आतच अडकून बसतो. साधं कार्बन स्टील 600 अंशांच्या आसपास नेलं की धातू मऊ पडतो आणि ताण सुटतो. एसआर, म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंग, ते एवढंच.

अडचण अशी, की काम झाल्यावर जोड होता तसाच दिसतो. एक्स-रेमध्येही ताण दिसत नाही. हार्डनेस घेतात, पण ती चार ठिपक्यांची. सगळी रात्र कशी गेली ते फक्त रेकॉर्डरचा तापमानाचा चार्टच सांगतो. म्हणून पहिलं सांगणं: चार्ट मशीनवरच निघू दे, टेबलावर काढू नकोस. शटडाउनची घाई असली की कोणी तरी म्हणेलच, "सोकिंग झालं ना, आता वरचं वूल काढ, उद्या हायड्रो टेस्ट आहे." सोकिंग, म्हणजे वरच्या तापमानाला धरून ठेवणं, संपलं तरी काढायचं नाही. एएसएमई कोडच्या हिशेबानं 425 अंशांच्या वर 50 मिमी जाडीला तासाला साधारण 110 अंशांपेक्षा जास्त चढवायचं नाही आणि 140 पेक्षा जास्त उतरवायचं नाही. 425 च्या खाली आल्यावर उघड्या हवेत गार होऊ दे, हरकत नाही. घाईनं उतरवलंस तर जो ताण काढायला गेलास तोच परत घालशील.

थर्मोकपल स्वतः लाव, हेल्परवर सोडू नकोस. दोन्ही तारा धातूला जवळजवळ, पण वेगवेगळ्या चिकटव. त्या वरच एकमेकींना टेकल्या तर तू तिथलं तापमान वाचतोस, पाइपचं नाही. तापवायच्या पॅडखालच्या टोकावर वूलचा छोटा तुकडा ठेव, नाहीतर रेकॉर्डर पॅडचंच तापमान दाखवेल. मोठा आडवा पाइप असेल तर वर एक, खाली एक. आतली गरम हवा वर चढते आणि तळ मागं राहतो. पाइपची तोंडं बंद केली आहेत का, हे तर आधी बघ. रिकाम्या पाइपमधून वारा वाहिला की रात्रभर पॅड जळतात आणि तळ काही चढत नाही.

कोराडी वीज केंद्राच्या 660 मेगावॅटच्या संचांत पी-91 चा पाइप भेटेल. तो हट्टी. वेल्डनंतर आधी शंभर अंशांच्या खाली उतरू द्यायचा, मग 750-760 ला न्यायचा. 800 ओलांडलंस तर पाइप कापून टाकावा लागेल, आणि तेव्हा ठेकेदार तुझं नाव घेईल, स्वतःचं नाही.

इथं आपल्या एमआयडीसीत रेमंडची डेनिम गिरणी आहे. रंगाईला वाफ लागते, म्हणजे बॉयलर आला. 1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 चा आला, तरी तपासणीचा साहेब कागद मागतोच. त्या कागदावर सही करायची पाळी तुझ्यावर आली आणि तू रात्री तिथं नव्हतास, तर करू नकोस. नोकरी गेली तरी ताईची समजूत मी घालीन.

रात्रपाळीत जेवण चुकवू नकोस. पहिल्या जॉइंटच्या चार्टची झेरॉक्स पाठव. मी उतरण आधी बघणार.

तुझा मामा