तिला कुणी विचारले का?

वाचन : रूथ, अध्याय १, करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ७, वचने १२ ते १६



मोठ्या शहरांत आता ‘लाइफ कोच’ म्हणवणारी मंडळी असतात. संसारात कोंडी झाली, मन एकीकडे नि घर दुसरीकडे जाऊ लागले, की स्त्रिया फी भरून त्यांचा सल्ला घेतात. आपल्या बीड जिल्ह्यातल्या भगिनी मिस्सेनंतर वऱ्हांड्यात रेंगाळतात आणि गर्दी ओसरली की म्हणतात, “फादर, जरा बोलायचं होतं.” एखादीच्या नवऱ्याने स्नानसंस्कार घेतलेला असतो, तिचे मन अजून होत नाही. एखादी लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेली असते. जपमाळ पाठ झाली, पण माहेरचे देव मनातून गेलेले नाहीत. एखादी प्रभू येशूला मानते, पण घरात तसे बोलायची सोय नाही. अशा वेळी आपण काय सांगावे?

रूथच्या पुस्तकातली नामी पाहा. दोन्ही सुना मवाबी, विधवा. नामी त्यांना आपल्या देवाकडे चला असे म्हणत नाही, उलट पुन्हा पुन्हा माघारी जायला सांगते. अर्पा रडते आणि परत जाते. पवित्र शास्त्र तिला एका शब्दानेही दोष देत नाही. रूथ थांबते. तिच्या थांबण्याला मोल आहे ते यासाठी, की जायची वाट मोकळी होती.

आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. लक्ष्मीबाई टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, पण त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली त्यांचा जन्म झाला आणि लहान वयातच नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाई नातेवाइकांकडे होत्या, कडेला लहान मूल. त्या काळच्या समाजाच्या नजरेत नवरा असून नसल्यासारखा झाला. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. मग त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या, पण ख्रिस्ती होऊन गेल्या नाहीत. आपले सोवळेओवळे सांभाळून ख्रिस्ती नवऱ्याच्या सोबतीला राहिल्या. आधी मनातून जातिभेद गेला. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा मागितला. टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे बाईंनी पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळे आहे, आणि टिळकांच्या विक्षिप्तपणाला त्यांनी त्यात झाकलेलेही नाही!

म्हणजे नवऱ्याकडे परत जाणे हा एक निर्णय आणि विश्वास ठेवणे हा दुसरा. दोन्हींमध्ये काळ गेला. आपण मात्र अनेकदा दोन्ही एकाच दिवशी उरकायला बघतो.

संत पौल करिंथकरांना हेच समजावतो. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये. त्याने आधी विश्वास ठेवावा अशी अट पौल घालत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात सांगितले, की श्रद्धेच्या बाबतीत कुणावर सक्ती करता येत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत, स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी विवाह करताना वचन द्यावे लागते ते कॅथलिक जोडीदाराने. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना दिली जाते. संत थॉमस अक्वायनस तर याही पुढे जातो. ख्रिस्तावर विश्वास ठेवणे वाईट आहे असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर वाटते त्याविरुद्ध जाऊन विश्वास ठेवणे हेही त्याच्यासाठी योग्य ठरत नाही.

सेमिनरीत या इच्छास्वातंत्र्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली, चांगले गुणही मिळवले. आणि तरी पहिल्याच धर्मग्रामात चुकलो. एक जोडपे शिकवणीला येई. प्रश्न विचारला की नवरा उत्तर देई, बाई पदर सावरून बसे. आम्हाला तो तिचा लाजाळूपणा वाटला. दोघांचा स्नानसंस्कार झाला, फोटो काढले. काही वर्षांनी नवरा गेला, तेव्हा ती येऊन म्हणाली, “फादर, मला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.” त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही ती मिस्सेला येते. स्वतःहून येते, हे तिने आम्हाला मुद्दाम सांगितले. तेव्हापासून शिकवणीला आम्ही बाईशी वेगळे बोलतो, सिस्टरांच्या सोबतीने.

आपल्याकडे हे विचारणे आणखी अवघड आहे. दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल दोघांच्या कामावर घेतलेली. कुठल्या फडावर जायचे हे जिला ठरवता येत नाही, तिला आपण विचारतो, “बाई, तुझी श्रद्धा काय?” ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघणारच. म्हणून घाई नको. एक हंगाम गेला तरी जाऊ द्यावा. आणि काही लपवू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. हा अन्याय आहे असे आमचे मत आहे, पण मुलांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न असलेल्या आईला हे स्नानसंस्काराआधी कळलेच पाहिजे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. पौलाचे नाव घेऊन मार खाणाऱ्या बाईला “सहन कर, नवरा सुधारेल” असे कुणी सांगू नये. जिवाला धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा धर्मसंहितेत आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे. अशा वेळी सासूबाईंनी, जावांनी तिच्या बाजूने उभे राहावे.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर सिस्टर फक्त महिलांना भेटतील. ख्रिस्ती नसलेल्या सुना, शेजारणी आल्या तरी चालेल. पुरुषांनी तेवढा तासभर पोरे सांभाळावीत. रूथचा पहिला अध्याय घरी वाचून यावे. वाचता येत नसेल त्यांना तिथे वाचून दाखवू.