लातूरमध्ये सापडणारी तूर

मुखेड, जळकोट, उदगीर या पट्ट्यातल्या दुकानांच्या मालाच्या याद्या मी ऑनलाइन विक्रीसाठी लावून देतो. दुकानदार मोबाइलवर मराठीत वर्णन लिहून पाठवतात. त्यातून मालाचं नाव आणि वजन वेगळं काढायला रेजेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याची सांकेतिक भाषा, वापरतो. त्यातून पक्कं झालेलं हे काही.

१. शब्दाची हद्द आपणच आखायची. ‘हरभरा डाळ, लातूर’ या वर्णनात पायथनला तूर सापडते! हद्दीची खूण, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि बी, दोन्ही बाजूंना लावली तरी सापडतेच. पायथनचं नेहमीचं रेजेक्स स्वर आणि व्यंजनं तेवढी शब्दात धरतं; काना, वेलांटी, उकार बाहेर ठेवतं. त्यामुळे ‘ला’च्या कान्यानंतर त्याला नवा शब्द सुरू झालेला दिसतो. ‘डाळ’ शोधली की डाळिंबही येतं, ते याच कारणाने. मी असं लिहितो:

(?<![ऀ-ॿ])तूर(?![ऀ-ॿ])

म्हणजे मागेपुढे देवनागरीतलं कुठलंच चिन्ह नको. मग ‘तूरडाळ’, ‘तुरीची डाळ’ ही रूपं स्वतंत्र द्यावी लागतात. ती द्यावीतच, गिऱ्हाईक तशीच शोधतं.

२. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द आत वेगळा असू शकतो. ‘कुऱ्हाड’ घ्या. कुणाच्या कीबोर्डवरून थेट ऱ येतो, कुणाच्या र आणि नुक्ता, तर कुणाच्या र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारख्याच, पण शोधात एकीला दुसरी सापडत नाही. युनिकोडच्या एनएफसी रूपात आणलं की पहिल्या दोन एक होतात. तिसरी आपण बदलायची. ‘ॲल्युमिनियमची कढई’ अशीच छळते: ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि अ वर चंद्र देऊन लिहिण्याची सवय अजून आहे. म्हणून आधी मजकूर एकसारखा करायचा, मग शोधायचं.

३. ‘वजनः ५०० ग्रॅम’ यात अपूर्णविरामाच्या जागी बहुतेक वेळा विसर्ग असतो. दोन्ही धरावेत.

४. ‘कि.ग्रॅ.’मधल्या टिंबाआधी उलटी रेघ हवीच. नाहीतर टिंब म्हणजे कुठलंही चिन्ह.

५. वजन नेहमी आकड्यातच असेल असं नाही. जावास्क्रिप्टची आकड्याची खूण मराठी आकडे ओळखत नाही, तिथे [०-९] वेगळं द्यावं लागतं, हे सोपं. अवघड आहे ते पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. दशमान वजनमापांचा कायदा १९५६चा, तरी ‘पावशेर शेंगदाणे’ आजही लिहून येतं आणि त्याचा अर्थ २५० ग्रॅम. या शब्दांचा तक्ता हाताने करावा.

६. मूळ मजकुराला हात लावू नये, सगळी साफसफाई प्रतीवर करावी. ‘गावरान’, ‘लाकडी घाण्याचं करडईचं तेल’ हे शब्द माझ्या कुठल्याच नमुन्यात बसत नाहीत, पण गिऱ्हाईक ते वाचूनच माल मागवतं. दुकानदाराने लिहिलेली ओळ जशीच्या तशी दिसली पाहिजे, म्हणून यादीत तिचा रकाना मी सगळ्यात आधी ठेवतो.